आठ आण्यांची गच्ची

पाठीला पिशवी लावलेलं, उन्हानं रापलेलं, चार दिवस आंघोळ न केलेलं एखादं पोर तुमच्या दारात उभं राहिलं आणि "झोपायला जागा मिळेल का, पैसे देतो" म्हणालं, तर तुम्ही त्याची किंमत काय कराल?

मी केली होती. आठ आणे. नुसती मनात केली असती तर पुढचं काही झालं नसतं. मी ती छापून वाटली. पाचशे प्रती, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. त्या कागदामुळे माझ्या आत्याची गच्ची बंद झाली, गच्चीमागोमाग तिची खाणावळ, आणि शेवटी ती स्वतःच बंगळूर सोडून गेली. ते पत्रक अजून कुणाकुणाच्या घरी पडलं असेल. त्याला उत्तर द्यायचं तर ते मीच दिलं पाहिजे.

आम्ही बंगळूरच्या शिवाजीनगरला बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचो. वडील एका लहान छापखान्यात कंपोझिटर. मूळचे निपाणीकडचे, त्यामुळे मराठी आणि कानडी दोन्ही लिप्यांचे शिशाचे खिळे त्यांच्या बोटांना ओळखीचे. छपाईत बिघडलेले कागद ते घरी आणत. कोऱ्या बाजूवर आम्ही गणितं करायचो आणि छापलेली बाजू वाचायचो. दारूबंदी, सहकारी दुकान, विड्यांच्या कारखान्यातली मजुरी, भाषावार प्रांत. दुसऱ्यांच्या घरी मुलं राजाराणीच्या गोष्टी ऐकत असतील. मी "बंधुभगिनींनो" या शब्दानं सुरू होणाऱ्या मजकुरावर वाढले. वडील रागावले तरी मुद्देसूद रागवायचे. पत्रक कसं लिहावं हेही त्यांनीच शिकवलं. एका कागदात एकच मागणी असावी म्हणायचे, आणि उदाहरण द्यायचं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच द्यावं, ऐकीव नको. हे दुसरं मी फारच मनावर घेतलं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. नवरा गेल्यावर काही वर्षं ती निपाणीला दिरांच्या घरी होती. मग भावाकडे आली आणि महिन्याभरात आमच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन तिनं खाणावळ काढली. तेव्हा बंगळूरला नवेनवे सरकारी कारखाने उभे राहत होते. पुण्याची, नागपूरची इंजिनियर पोरं नोकरीला यायची, आठ दिवस कौतुकानं इडली खायची आणि नवव्या दिवशी पोळीच्या आठवणीनं व्याकूळ होऊन अक्काचं घर शोधत यायची. एकेका पंगतीला वीस-वीस जण. अक्का पोळ्या मोजत नसे. कुणी "मोजून वाढा, महागाई आहे" म्हटलं तर म्हणायची, "मोजून वाढायला हा काय तुरुंग आहे?"

पुढे कारखान्यांनी क्वार्टर्स बांधली, कँटीन काढली. पोरांची लग्नं झाली. वीसची पंगत पाचावर आली. अक्काला एकाच गोष्टीची भीती होती आणि ती बोलूनही दाखवायची. खाणावळ बसली तर पुन्हा दिरांच्या घरी जाऊन त्यांच्या चुलीपुढे बसावं लागेल. "तिथं मी कुणीच नाही गं," म्हणायची. "इथं लोक मला विचारतात तरी, अक्का आज भाजी कसली."

अशा दिवसांत एका दुपारी कोपऱ्यावरचा सायकलवाला एका पोराला घेऊन आला. पोरगा सांगलीचा. सायकलच्या दांड्याला पत्र्याची पाटी, 'काश्मीर ते कन्याकुमारी'. तुमकूरच्या अलीकडे खड्ड्यात पडून त्याचं पुढचं चाक वाकलं होतं.

"अक्का, हा तुमच्या मुलुखाचा," सायकलवाला म्हणाला. "चाकाला चार दिवस लागणार. दुकानात झोपू दे म्हणतो. माझ्या दुकानात मलाच उभं राहावं लागतं, ह्याला कुठं झोपवू?"

"जेवलास का रे?" अक्कानं विचारलं.

"पैसे थोडे आहेत, आजी."

"आजी कुणाला म्हणतोस? आणि मी पैशांचं विचारलं नाही. जेवलास का, ते सांग."

तो नाही म्हणाला, आणि घाईनं पुढं म्हणाला की मी भांडी घासून देईन. अक्का हसली. "भांडी घासायला मी आहे. तू पैसेच दे. फुकट जेवलास तर उद्या आमटीत मीठ कमी आहे म्हणायची तुला चोरी होईल."

तो चार दिवस गच्चीवर चटई टाकून झोपला. निघाला तेव्हा अक्कानं ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी एका पांढऱ्या फडक्यात बांधून दिली. फडकं जुन्या लुगड्याचं होतं, तरी तिनं त्याला बजावलं, "फडकं परत आलं पाहिजे हां. तुला यायला जमलं नाही तर इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव."

त्यानं ते शब्दशः घेतलं. दोनेक महिन्यांनी मदुरेकडून पायी आलेली दोन बंगाली पोरं गल्लीत शिरली. हातात धुऊन घडी केलेलं फडकं, त्यावर पेन्सिलनं आमचा पत्ता. जाताना तीही भाकऱ्या घेऊन गेली, आणि त्यांचं फडकं तिसऱ्याच कुणाबरोबर परत आलं. अक्कानं पाटी कधी लावली नाही. तिची फडकीच देशभर हिंडायची आणि पोरं घेऊन घरी यायची. सायकलवर निघालेले, ट्रकला हात करत आलेले, जवळचा सावनदुर्ग डोंगर चढायला आलेले कॉलेजातले गट. मग परदेशी पोरंही यायला लागली. तुर्कस्तान, इराण करत बसनं, ट्रकनं आलेली. गच्चीवर चारच चटया मावायच्या. पाचवा आला की अक्का म्हणायची, "स्वल्प सरका रे," आणि जर्मन पोरगाही सरकायचा.

खाणावळ पुन्हा उभी राहिली. एका ओळीत गल्लीतला मोची, गोरा पोरगा, कारखान्यातले उरलेसुरले ब्रह्मचारी आणि सायकलवाला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि हे सगळं बघून माझं डोकं तापायचं.

ती वर्षं रेशनची होती. गहू घ्यायला रांगा लागायच्या. आणि ही धडधाकट तरुण माणसं आपापल्या देशातली कामं टाकून, आमची उपासमार बघायला, आमच्याच गच्चीवर आठ आण्यांत झोपायची! मोठ्या हॉटेलात उतरणारा साहेब निदान डॉलर तरी आणतो. ही पोरं काय आणतात? उवा. मी हे अक्काला ऐकवायची. ती भाकरी थापत कानडीत बरं बरं म्हणायची, "सरी सरी. पाणी दे जरा इकडं."

खरं कारण निराळं होतं, आणि ते मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

एक डॅनिश मुलगी आली होती, माझ्याच वयाची. गोव्याहून आली, हातात अक्काचं फडकं. आठ महिने एका इस्पितळात चादरी धुऊन तिनं प्रवासाचे पैसे जमवले होते. माझं इंग्रजी कॉलेजचं, तिचंही मोडकंच, म्हणून आमचं जमलं. एका सकाळी पायरीवर बसून डोक्याला तेल लावून घेताना (तेल अक्का लावत होती) तिनं मला सहज विचारलं, "तू कुठं कुठं गेली आहेस?"

मी निपाणीला गेले होते. दोनदा. दोन्ही वेळा वडिलांबरोबर.

"उद्या सावनदुर्गला चल," ती म्हणाली. "तो डोंगर एकच दगड आहे म्हणतात."

"मला वेळ नाही," मी म्हणाले. "आम्हाला इथं कामं असतात."

अक्कानं मान वर केली. "जा की. भाकऱ्या देते बांधून. बापाला मी सांगते."

"रिकामटेकड्यांबरोबर मी फिरत नाही," मी मराठीत म्हणाले. त्या मुलीला शब्द कळले नसतील, सूर कळला. ती दुसऱ्या दिवशी एकटीच गेली. संध्याकाळी गुडघे सोलून, लाल चेहऱ्यानं परत आली आणि हातवारे करून अक्काला वरून काय काय दिसलं ते सांगत बसली. अक्का तोंडाला पदर लावून हसत होती. मी आत जाऊन लिहायला बसले.

लेखणी अशी कधी चालली नव्हती. परकी चैन आणि आपली लाचारी. तरुणांनी देश बांधायचा की देश बघत हिंडायचं? मागणी एकच होती, की या फिरस्त्यांना शहरात थारा देऊ नये. आणि उदाहरण डोळ्यांनी पाहिलेलं होतं: 'बाजारामागच्या एका गल्लीत, एका विधवेच्या गच्चीवर, आठ आण्यांना आपला देश रोज रात्री भाड्यानं जातो.'

मजकूर वडिलांना दिला. त्यांनी उभ्यानं वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"उदाहरण पक्कं आहे," ते म्हणाले. आणि चष्मा पुन्हा लावत, "तिला विचारलंस?"

"उदाहरणाला विचारायचं असतं का?" मी म्हणाले.

माझे वडील कुणाचं लिहिणं अडवणारे नव्हते. तेच त्यांचं तत्त्व होतं. त्यांनी स्वतःच्या बहिणीविरुद्धचा मजकूर खिळा खिळा उचलून स्वतः जुळवला, आणि कानडी बाजूही त्यांनीच जुळवली. ते जुळवताना त्यांना काय वाटलं हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

पत्रक कॉलेजात गाजलं. पाठीवर थापा पडल्या. चौदाव्या की पंधराव्या दिवशी आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर खाणावळीच्या दारात आला. वयस्क माणूस, अक्काकडे पूर्वी दोन-तीनदा जेवून गेलेला. खिशातून चौघडी केलेला कागद काढून तो कानडीत म्हणाला, "अम्मा, तुमच्या गच्चीवर पोरं झोपतात हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी खालीच जेवून जायचो. आता हे छापून आलं. साहेबांच्या टेबलावर आहे. मला आता माहीत नाही असं म्हणता येत नाही."

"मग परवाना काढते," अक्का म्हणाली.

"तुमचा परवाना जेवणाचा आहे. झोपण्याचा वेगळा. त्याला इतक्या खोल्या लागतात, वेगळा जिना, वेगळे संडास." तो गच्चीकडे बघत राहिला. "लॉजचा परवाना असतो, अम्मा. गच्चीचा नसतो."

तो पाणी पिऊन गेला. कागद तिथंच ठेवून गेला, कानडी बाजू वर करून. अक्काला कानडी बोलता यायची, अक्षरं तिला कुठलीच येत नव्हती. मी कॉलेजातून आले तेव्हा ती कागद समोर घेऊन बसली होती.

"वाच गं," ती म्हणाली. "कुणी लिहिलंय, काय लिहिलंय, वाचून दाखव मला."

मी एखादी ओळ गाळू शकले असते. दुसरंच काही सांगू शकले असते. पण छापलेला मजकूर बदलायचा नाही हेही मी घरातच शिकले होते. मी कानडीतून सबंध वाचलं. गच्ची, विधवा, आठ आणे, सगळं. ती ऐकत होती, मांडीवरच्या हातांकडे बघत.

वाचून झालं तेव्हा ती म्हणाली, "आठ नाही. दहा आणे घेते मी. सकाळचा चहा धरून."

मी कागद तिच्यासमोर ठेवला.

"कानडी वाचताना तू नेहमी अडखळतेस," ती म्हणाली. "आज कुठंच अडखळली नाहीस."

मग कागद घडी करून माझ्या हातात दिला. "विधवा लिहायचं काय अडलं होतं गं? खाणावळवाली लिहायचंस."

याबद्दल याहून जास्त ती मला त्या दिवशी किंवा नंतर कधीही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी वाद घातला असता. वाद घालणं एवढंच तर मला येत होतं.

चटया गुंडाळून जिन्याखाली गेल्या. पोरं मात्र येत राहिली. फडकी कुठं कुठं पोचली होती, त्यांना परवान्याचं काय ठाऊक? अक्का प्रत्येकाला जेवू घालायची आणि कुणाला स्टेशनवर, कुणाला धर्मशाळेत पाठवायची. हळूहळू येणं थांबलं. ज्यांना झोपायला जागा नाही ते नुसतं जेवायला इतक्या लांब कशाला येतील?

एक दिवस मी सायकलच्या दुकानावरून जात होते. पूर्वी तिथं भाड्याच्या सायकलींची रांग असायची. आता दोन उरल्या होत्या. सायकलवाल्यानं मला हाक मारली.

"शिकलेली आहेस, एक हिशेब सांग. मोठ्या हॉटेलातला साहेब गाडीतून उतरतो, मोठ्या दुकानात जातो, गाडीत बसून परत जातो. त्याचा एक नवा पैसा तरी आपल्या गल्लीत पडतो?"

त्यानं उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक फिरवलं.

"आणि ही फाटकी पोरं. पैसा कमी म्हणून आठ-आठ दिवस राहायची. चालायची म्हणून चप्पल तुटायची, मोच्याकडे जायची. पिशवीचा पट्टा तुटायचा. सायकल घ्यायची माझ्याकडून, दूध घ्यायची, कपडे धोब्याला द्यायची. साहेबाचा रुपया हॉटेलात शिरतो आणि हॉटेलातच मरतो. ह्यांचा रुपया चार दुकानं फिरून अक्काकडं जेवायला यायचा." त्यानं चाक हातानं थांबवलं. "तू कागदावर आठ आणे लिहिलेस. माझे कुठं लिहिलेस? मोच्याचे?"

मी कितीक अर्थशास्त्राची पत्रकं वाचली होती. विकास, परकीय चलन, पंचवार्षिक योजना. हे कुठल्याच पत्रकात नव्हतं, आणि माझ्या जिन्याखाली घडत होतं.

खाणावळ अजून सहा महिने कशीबशी चालली. मग अक्कानं मोठी पातेली विकली आणि निपाणीला दिरांच्या घरी गेली. वडील तिला स्टेशनवर पोचवायला गेले. परत आल्यावर त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि त्या दिवसापासून मला पत्रकावर एक शब्द शिकवला नाही.

गेल्या वर्षी मी तिला भेटायला एकटी निघाले. असा माझा पहिलाच प्रवास. हुबळीला बस बिघडली, दुसरी सकाळीच. तीन लॉजवाल्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. एकट्या बाईला खोली नाही, पैसे दिलेत तरी नाही. शेवटी रेल्वेच्या बायकांच्या वेटिंग रूममध्ये बाकावर पाय जवळ घेऊन बसले. ती डॅनिश मुलगी अर्धं जग ओलांडून आली तेव्हा तिला आमच्या गल्लीत चटई मिळाली होती, आणि मला माझ्याच मुलुखाच्या वाटेवर ती मिळत नव्हती. तिथं बसून मी रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

निपाणीच्या घरात अकरा माणसं आहेत. अक्का पहाटेपासून चुलीपुढे असते. मी गेले तेव्हा दिरांची सून बाहेरून ओरडत होती, "अहो, झालं का नाही अजून?" कुणी तिला अक्का म्हणत नाही. भाजी कसली, तेही सूनच ठरवते.

"तुला इथं काय मिळतं?" मी विचारलं.

"जेवण."

"परत चल. मी नोकरी करते आता. खोली घेऊ."

तिनं फुंकणी खाली ठेवली. "तुझ्या खोलीत बसून मी काय करू? गच्चीचा परवाना मिळतो का आता?"

मी नाही म्हणाले.

"मग?" ती म्हणाली, आणि पुन्हा फुंकर घालायला लागली.

बंगळूरला परत आल्यावर मी परवान्यासाठी अर्ज केला. मोठं लॉज नव्हे, जिच्याकडे जेवणाचा परवाना आहे अशा घरवालीला चार प्रवासी ठेवता यावेत, संडास स्वच्छ आहे की नाही ते खुशाल येऊन बघा, एवढीच मागणी. कारकुनानं वाचून परत दिला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, असा रकानाच नाही. एका अर्जानं रकाना होत नाही. पुष्कळ आले तर वरचे विचार करतील."

म्हणून हे तुमच्यासमोर. तुम्ही बंगळूरला असा की बेळगावला, पुण्याला की सांगलीला, तुमच्याही नगरपालिकेत हा रकाना नसणार. एक पोस्टकार्ड घ्या. त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहा, की राहत्या घरात चार तरुण प्रवाशांना, मुलग्यांना आणि एकट्या मुलींनाही, पैसे घेऊन ठेवण्याचा साधा परवाना सुरू करावा. खाली तुमचं नाव आणि पत्ता घाला, आणि ते तुमच्या नगरपालिकेला पाठवा. उद्यावर टाकू नका. अक्का अठ्ठावन्न वर्षांची आहे, आणि तिच्या हातात अजून चार माणसांना जेवू घालण्याचं बळ आहे.